चैत्यभूमीच्या वाळूत मुलांनी मांडलेला हिशेब

आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत येणाऱ्या दहावीच्या एका मुलीची प्रकल्पवही माझ्या हाती लागली, तिथून ही गोष्ट सुरू झाली. विषय होता 'समुद्रकिनाऱ्यावरील मानवी हस्तक्षेपाचे परिणाम'. अक्षर मोत्यासारखे, समास आखलेले, चित्रे नीट कापून चिकटवलेली. मजकूर मात्र तिचा नव्हता. स्टेशनरीच्या दुकानात अशा प्रकल्पांच्या तयार पुस्तिका मिळतात. मुले त्यातून उतरवून घेतात आणि शाळेत देतात. पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. रात्रपाळी करून आलेल्या बापाने किंवा चार घरची धुणीभांडी करून आलेल्या आईने 'भरतीरेषा' म्हणजे काय हे कुणाला विचारायचे?

शेवटच्या पानावर निष्कर्ष होते. तिसरा निष्कर्ष असा की, झोपडपट्टीतील लोकांच्या अस्वच्छ सवयींमुळे समुद्र दूषित होतो. मुलीने ते वाक्य सुवाच्य अक्षरात उतरवून खाली लाल शाईने रेघही ओढली होती.

मी विचारले, "बाळा, हे तू पाहिलेस का?"

"नाही काका. पुस्तकात आहे."

"आणि तू राहतेस कुठे?"

ती गप्प झाली. बाजूच्या बाकावरची मुलेही गप्प झाली.

तथागतांनी केसपुत्ताच्या कालामांना काय सांगितले, हे आपण दर वर्षावासात ऐकतो. ग्रंथात आहे म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून, कुणी मोठा माणूस सांगतो म्हणून खरे मानू नका, स्वतः तपासून पाहा. प्रवचन ऐकून आपण माना डोलावतो आणि घरी येऊन पोराला तयार पुस्तिका आणून देतो. मीही त्यातलाच. त्या संध्याकाळी मात्र ठरवले की हे वाक्य खरे की खोटे, हे मुलांनीच किनाऱ्यावर जाऊन पाहावे. खरे निघाले तर वहीत ठेवावे, खोटे निघाले तर खोडावे.

किनारा कोणता, हा प्रश्नच नव्हता. चैत्यभूमीजवळची दादर चौपाटी. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांच्या देहाला याच वाळूवर अग्नी दिला गेला. आपण दर ६ डिसेंबरला तिथे जातो, रांगेत उभे राहतो, दर्शन घेतो, पुस्तके विकत घेतो आणि परततो. समुद्राकडे पाठ करून परततो, हे मला इतक्या वर्षांत कधी जाणवले नव्हते.

दुसरेही कारण होते. आमची वस्ती कुर्ल्याकडची. वस्तीच्या मागचा नाला मिठी नदीला मिळतो. मिठी विहार आणि पवई तलावांच्या बाजूने निघते, सुमारे १८ किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीतून समुद्राला मिळते. तो समुद्र म्हणजे माहीमचा उपसागर, आणि दादर चौपाटी त्याच उपसागरावर आहे. नकाशावर बोट फिरवत एका मुलाने हा रस्ता शोधला आणि म्हणाला, "म्हणजे आपल्या नाल्यातले पाणी चैत्यभूमीला जाते?" हा प्रश्न त्या तयार पुस्तिकेत कुठेच नव्हता.

तिथीची पाऊणपट

किनाऱ्याचा अभ्यास ओहोटीला करायचा असतो. पाणी मागे गेले की वाळू उघडी पडते, आणि भरतीने काय आणून टाकले ते दिसते. त्यासाठी ओहोटीची वेळ आधी कळली पाहिजे. माहीमच्या एका वृद्ध कोळीबाबांनी आम्हाला त्यांचा जुना हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे तिथीला तीनने गुणून चारने भागायचे. जेवढे तास येतील त्या सुमारास भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाला आणि ओहोटी बाराला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. मिनिटांचा फरक पडतो, पण मुंबईच्या किनाऱ्यावर हा ठोकताळा चालतो. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी, तो भांग.

पौर्णिमा आणि अष्टमीला उपोसथ पाळणारी आपली माणसे. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात समुद्राचे वेळापत्रकही लिहिलेले आहे, हे ऐकून आमच्या महिला मंडळाच्या आजींनाही नवल वाटले. मुलांनी लगेच वह्या काढल्या. आम्हाला रविवार हवा होता. पावसाळा संपल्यावरच्या एका रविवारी वद्य द्वितीया येत होती. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडला भरती. सव्वासहा तास मागे गेलो की सकाळी सव्वासातला ओहोटी. शिवाय उधाण नुकतेच होऊन गेलेले, त्यामुळे वाळू भरपूर उघडी. वेळ ठरली.

सोळा मुले, त्यात नऊ मुली. पहाटे निघायचे म्हटल्यावर दोन आयांनी हरकत घेतली, म्हणून मग त्याही बरोबर निघाल्या. सामान असे : सुतळीचा गुंडा, प्लास्टिकच्या नळीच्या चार तुकड्यांची एक मीटर लांब-रुंद चौकट, सारख्या उंचीच्या दोन काठ्या, जुनी वर्तमानपत्रे, जाड हातमोजे आणि एक संत्रे. हातमोज्यांबाबत मी कडक होतो. वाळूत काच असते, कधी इंजेक्शनची सुईसुद्धा असते. पायात बूट किंवा चपला हव्यातच. पावसाळ्यात निळ्या फुग्यासारखे 'ब्लू बॉटल' किनाऱ्याला लागतात, त्यांना हात लावला तर आग होते. कुणाला आपल्या वस्तीतली मुले न्यायची असतील त्यांनी हे आधी सांगावे.

वर्तमानपत्रावरच्या रांगा

चैत्यभूमीला वंदन करून आम्ही वाळूत उतरलो. भरतीच्या पाण्याने रात्री जिथवर मजल मारली होती तिथे कचऱ्याची एक लांब काळपट रेघ होती. तिथून पाण्यापर्यंत सुतळी ताणली आणि ठरावीक अंतरावर चौकट ठेवत गेलो. चौकटीत जे पडेल ते सगळे उचलायचे. आवडेल ते उचलायचे आणि नकोसे सोडायचे, असे चालणार नाही. माझ्या कारकुनी आयुष्यात मी एवढेच शिकलो आहे की नोंद करताना रक्कम निवडायची नसते.

इथे एक अडचण आली. चौपाटी रोज साफ होते. सफाई कामगार येतात, यंत्रही येते. मग आपण मोजतो ते काय? अकरावीतल्या एका मुलाने उत्तर दिले की काल साफ झाले असेल, तर आज जे आहे ती फक्त रात्रीच्या भरतीची जमा. अशी भरती दिवसातून दोनदा येते. हे लक्षात आल्यावर सगळ्यांचे चेहरे जरा गंभीर झाले.

उचललेल्या वस्तू वर्तमानपत्रावर प्रकारवार रांगेत मांडल्या. एका प्रकारची एक रांग. आलेख काढायची गरजच उरली नाही, आलेख वाळूवर पसरलेला होता. सगळ्यांत लांब रांग झाली छोट्या पाकिटांची : वेफर, कुरकुरे, गुटखा, पानमसाला, शाम्पूच्या पुड्या, पाच-दहा रुपयांची बिस्किटे. त्यानंतर फाटक्या पिशव्यांच्या चिंध्या, थर्माकोलचे मणी, सुतळी-दोरे, मासेमारीच्या जाळ्यांचे तुकडे. निर्माल्य आणि देवादिकांच्या तसबिरींच्या चौकटी होत्या, एक-दोन चपला होत्या. पाण्याच्या बाटल्यांची रांग मात्र जवळजवळ रिकामी.

मुले बुचकळ्यात पडली. बाटल्या तर सगळीकडे दिसतात, मग गेल्या कुठे?

उत्तर दिले बरोबर आलेल्या एका आईने. ती कागद-काच-पत्रा वेचण्याचे काम करते. तोपर्यंत ती बाजूला कठड्यापाशी बसून होती. ती उठून आली, रांगांकडे पाहिले आणि म्हणाली, "बाटलीला भाव आहे. ती आम्ही पाण्यात जाऊ देतो होय? या पुडीला भंगारवाला हात लावत नाही." मग खाली बसून तिने एकेक चीज हातात घेतली. ही विकली जाते, ही जात नाही, ही पूर्वी जायची आता जात नाही. काही पिशव्या ती नुसत्या बोटांनी चुरगळून आवाजावरून ओळखत होती. चकचकीत पाकीट फाडून तिने आतला चंदेरी थर आणि बाहेरचा रंगीत थर मुलांना दाखवला. दोन थर एकमेकांना चिकटलेले, म्हणून ते पुन्हा वितळवून कामाला येत नाही. पुस्तकात याला 'बहुस्तरीय प्लास्टिक' म्हणतात. तिला तो शब्द माहीत नव्हता, त्याचा अर्थ मात्र आमच्यापैकी सगळ्यांपेक्षा तिला जास्त ठाऊक होता.

तिची मुलगी त्या सोळा जणांत होती. शाळेच्या फॉर्मवर ही मुलगी आईचा व्यवसाय 'घरकाम' असा लिहीत असे, ते मला माहीत होते. त्या सकाळी तक्त्याचा शेवटचा रकाना तिनेच वाढवला. त्याचे शीर्षक होते 'भाव आहे / भाव नाही', आणि माहिती देणाऱ्याच्या जागी तिने आईचे नाव लिहिले.

हा रकाना म्हणजे आमच्या अभ्यासाचा कणा ठरला. समुद्रात पोहोचतो तो कचरा मुख्यतः भाव नसलेला. भाव असलेला कचरा आपल्याच आयाबहिणी रस्त्यावरच वेचून घेतात आणि शहराचे काम फुकट करतात. मग भाव नसलेले पाकीट बनवणाऱ्याची जबाबदारी काय? २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांत ही जबाबदारी उत्पादकांवरही टाकलेली आहे. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली, त्यात दुकानदाराच्या पिशव्या जप्त झाल्या. कारखान्यातून भरून येणारी पुडी मात्र दुकानाच्या दारात माळेसारखी टांगलेली आजही दिसते.

गटाराचे तोंड

किनाऱ्याने थोडे चाललो. चैत्यभूमीजवळ पावसाळी पाण्याच्या नाल्याचे तोंड समुद्रात उघडते. त्याच्यावरच २०२२ साली माता रमाबाई आंबेडकर यांच्या नावाने समुद्रदर्शनाचा सज्जा बांधला आहे. वर उभे राहिले की समोर सागरी सेतू दिसतो आणि वारा छान लागतो. आम्ही वरही गेलो आणि खालीही पाहिले. नाव पावसाळी नाल्याचे, पण पाऊस नसतानाही पाणी वाहत होते. पावसाळ्यानंतर हे पाणी कुठून आले, हे मुलांना सांगावे लागले नाही. वासानेच कळले.

मुंबईच्या मैलापाण्याची कथा लांब आहे, थोडक्यात सांगतो. वरळी आणि वांद्रे येथून मोठ्या नळांनी ते समुद्रात तीन किलोमीटरहून अधिक आत सोडले जाते. वर्षानुवर्षे ते जुजबी गाळूनच सोडले गेले. सात नव्या प्रक्रिया केंद्रांचे भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झाले. म्हणजे टॉवरमधल्या तिसाव्या मजल्यावरच्या संडासाचे पाणीही याच समुद्रात आले. फरक एवढाच की ते नळातून येते म्हणून दिसत नाही, आणि वस्तीचे उघड्या नाल्यातून येते म्हणून दिसते.

मग संत्र्याची पाळी. पाण्याच्या कडेला वाळूत दोन काठ्या रोवल्या, संत्रे थोडे आत फेकले आणि घड्याळ लावले. संत्रे पाण्यात जवळजवळ बुडून तरंगते, म्हणून ते वाऱ्याने फारसे ढकलले जात नाही, प्रवाहाबरोबर जाते. मुलांची अपेक्षा की ते समुद्रात निघून जाईल. ते किनाऱ्याला समांतर सरकत राहिले आणि शेवटी पुन्हा वाळूला लागले. लहानग्यांना हा प्रयोग इतका आवडला की तीनदा करावा लागला आणि शेवटी संत्रे कुणीतरी खायला निघाले, तेव्हा थांबवले.

सारख्या उंचीच्या दोन काठ्यांनी वाळूचा उतारही मोजता येतो. ही पद्धत एमरी नावाच्या शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये मांडली. एक काठी समुद्राच्या बाजूला, एक मागे, मधले अंतर ठरलेले. मागच्या काठीपाशी उभे राहून पुढच्या काठीचे टोक क्षितिजाच्या रेषेला लावायचे. ती नजर मागच्या काठीवर जिथे येते तिथली खूण वाचायची. टोकापासून तेवढे सेंटिमीटर वाळू उतरली. कठड्याच्या भिंतीपाशी वाळू खणून नेल्यासारखी खोल होती, मोकळ्या जागी उतार सौम्य. भिंतीवर आपटलेली लाट जोराने मागे फिरते आणि वाळू ओढून नेते. ज्या भिंतीने इमारत वाचते त्याच भिंतीने पुढची चौपाटी झिजते. असे एकदा मोजून काही सिद्ध होत नाही, वर्षभर मोजावे लागते, हेही मुलांना सांगितले.

कोळीबाबांना भेटल्याशिवाय हा अभ्यास पुरा होणार नव्हता. मुलांनी त्यांना विचारले, "तुमच्या लहानपणी काय वेगळे होते?" ते म्हणाले, "खाडीत उतरलो की कालवणापुरते घेऊनच यायचो. बोईट, निवट्या, चिंबोऱ्या. आता जाळ्यात मासळीच्या आधी पिशवी येते." मग त्यांनी हाताने वरळीकडे दाखवले. सागरी किनारा रस्त्यासाठी १११ हेक्टर समुद्र भरला गेला. वरळीच्या कोळी बांधवांनी पुलाच्या खांबांमधून होड्या सुखरूप जाव्यात म्हणून लढा दिला, तेव्हा कुठे खांबांमधले अंतर ६० मीटरवरून १२० मीटर झाले. पाकिटे मोजता मोजता मुलांच्या लक्षात आले की मानवी हस्तक्षेप म्हणजे फक्त कचरा नव्हे. पाकीट उचलता येते. भराव कोण उचलणार?

कायद्याचेही सांगायला हवे. १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने उच्चतम भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यावर निर्बंध आले. २०११ मध्ये ती बदलली, २०१९ मध्ये आणखी सैल झाली. तिवरांच्या जंगलाला मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये संरक्षण दिले. तेव्हा २६ जुलैचा पूर नुकताच होऊन गेला होता. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. भरावाने आवळलेली, विमानतळाशी काटकोनात वळवलेली मिठी फुगली आणि आमच्या वस्तीत छपरापर्यंत पाणी आले. ती रात्र ज्यांनी पत्र्यावर बसून काढली त्यांना किनाऱ्याचा अभ्यास हा श्रीमंतांचा छंद वाटत नाही.

आपला नाला

पुढच्या रविवारी त्याच मुलांनी वस्तीमागचा नाला मोजला. हे मी सुचवले नव्हते. ज्या मुलाने नकाशावर बोट फिरवले होते, त्याचेच म्हणणे पडले की तिकडचे मोजून इकडचे सोडले तर लबाडी होईल. नाल्याच्या कठड्यावर तीच पाकिटे, त्याच पुड्या. आपलीही माणसे टाकतात, हे वहीत लिहावे लागले. एका आजोबांना राग आला, म्हणाले, घरचे उणे वहीत कशाला? मुलीने उत्तर दिले, "आजोबा, मग पुस्तिकेत आणि आमच्यात फरक काय राहिला?"

पण तिने त्याच्यापुढचेही लिहिले. कचरागाडी कोणत्या गल्लीपर्यंत येते आणि कोणत्या गल्लीला येतच नाही, हे मुलांनी घरोघर विचारून नकाशावर रंगवले. ज्या गल्ल्यांना गाडी येत नाही त्यांच्या मागेच नाल्यात ढीग सर्वांत मोठे. शेजारच्या सोसायट्यांचे, गॅरेजांचे, धुलाईच्या पिंपांचे पाणी कुठे सुटते, तेही दाखवले. आणि ६ डिसेंबर? तेही टाळले नाही. महापरिनिर्वाण दिनानंतर वर्तमानपत्रांना आपला कचरा दिसतो, विकलेली पुस्तके दिसत नाहीत, ही तक्रार आपण नेहमी करतो आणि ती खरी आहे. तरी अन्नदानाच्या थर्माकोलच्या ताटल्या आपणच वाळूत सोडून आलो, हेही खरे आहे. यंदा आमच्या मंडळाने पानांच्या पत्रावळी नेल्या.

तिसरा निष्कर्ष त्या मुलीने खोडला. त्याऐवजी दीड पान लिहिले. शाळेत त्या वहीला तयार पुस्तिकेवरून उतरवलेल्या वह्यांपेक्षा दोन गुण कमी पडले. शेरा होता : 'विषयाला सोडून लिहिले आहे.' ती रडली. मी समजूत घातली नाही, कारण मलाही राग आला होता.

मुलांचा नकाशा आणि तक्ता जोडून आम्ही संबंधित कार्यालयात अर्ज दिला : गाडी न येणाऱ्या गल्ल्यांना रोज गाडी पाठवावी, आणि नाल्याच्या तोंडाशी जाळी बसवावी. टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "ठेवून जा." मीही टेबलाच्या त्याच बाजूचा माणूस. पोच घेतल्याशिवाय हललो नाही. शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन त्याची प्रत विहारातल्या फलकावर लावली आहे. दीड महिन्याने दोन गल्ल्यांना आठवड्यातून तीनदा गाडी सुरू झाली. जाळीबद्दल उत्तर नाही. स्मरणपत्र मुलांनीच लिहिले, तेही फलकावर आहे.

आमच्या वस्तीतली निम्मी कुटुंबे रत्नागिरी जिल्ह्यातली. मे महिन्यात गावी गेलेल्या दोन मुलांनी मंडणगड तालुक्यातल्या वेळासचा किनारा पाहून आल्याचे सांगितले. तिथे २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखून पिल्ले समुद्रात सोडण्याचे काम गावकरी करतात. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे त्याच तालुक्यात. मुलांनी हट्ट धरला आहे की पुढची सहल आंबडवे आणि वेळास अशी एकत्र करायची. पैसे जमवायचे आहेत. महिला मंडळाने भिशीतून काही देऊ केले आहे.

दादरची मोजणी चालू आहे. दर महिन्याला पौर्णिमेनंतर येणाऱ्या रविवारी, तिथीची पाऊणपट करून ओहोटीची वेळ काढतो. दिवस उजेडाचा असेल तरच जातो. कधी सकाळी, कधी दुपारच्या उन्हात. चैत्यभूमीच्या फाटकापाशी सुतळी आणि चौकट घेतलेली पोरे दिसली तर ती आमचीच. वेचणारी ताईही बरोबर असते. हल्ली तिच्याशेजारी बसायला मुलांची भांडणे होतात.